एक जूनचे वाढदिवस आणि न पुसणारी वही

(तृतीय वर्ष, कला)

आमच्या वडिलांचा वाढदिवस १ जूनला असतो. धाकट्या काकांचाही १ जूनलाच. शेजारच्या घरातले दोघे सख्खे भाऊ, समोरचे निवृत्त शिपाई आणि पिठाच्या गिरणीवाले मामा, हे सारे कागदोपत्री १ जूनलाच जन्मले. परगावच्या वाचकाला वाटेल, वडीगोद्रीला त्या तारखेचा काही विशेष योग असावा. पण हा योग मराठवाड्यातल्या, किंबहुना महाराष्ट्रातल्या बहुतेक खेड्यांच्या पत्रिकेत आहे. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख विचारली की तो सांगे, "पोळा झाल्यावर चार-आठ दिवसांनी. त्या साली बाजरी बुडाली होती बघा." असल्या उत्तराला दाखल-खारीज रजिस्टरात रकाना नव्हता. मग गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का ते पाहत, आणि पोचला की १ जून लिहून मोकळे होत. शाळा जूनमध्ये उघडते, हिशेबाला सोपे!

आजी मात्र वडिलांविषयी अजून ठासून सांगते, "ह्यो दिवाळीच्या पाडव्याचा." म्हणजे वडिलांना घरातला एक जन्मदिवस आहे आणि दफ्तरातला एक. जन्मभर दफ्तरातलाच चालला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तो, दहावीच्या प्रमाणपत्रावर तो, आधार कार्डावरही तोच. वडिलांचे त्याने फारसे बिघडले नाही. काकांचे बिघडले. एका भरतीत वयाची अट होती आणि काका कागदावर चार महिन्यांनी मोठे निघाले. आजीच्या हिशेबाने ते वयात बसत होते. आजीची साक्ष भरतीच्या टेबलावर कोण घेणार? काका परत आले, आणि आज ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर चालवतात. ते याविषयी कधी बोलत नाहीत. आम्हीही काढत नाही.

ही कहाणी ज्या लेखाला जोडते आहे तो ब्लॉकचेनवरचा आहे, हे ऐकून संपादक मंडळातल्या मैत्रिणीने कपाळाला हात लावला. कविता नाही, कथा नाही, निदान ‘ग्रामीण साहित्यातील स्त्री’ तरी! कला शाखेच्या वार्षिकात हे विज्ञानवाल्यांचे खूळ कशाला? माझे म्हणणे असे आहे की हा विषय विज्ञानवाल्यांचा जेवढा आहे त्याहून आपला अधिक आहे, आणि ते मी गेल्या दिवाळीच्या सुटीत हात पोळून शिकले आहे. वाचकांनी चार पाने सोसावीत.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीचे नाव २०२२ च्या मार्चमध्ये एका निराळ्या कारणाने वर्तमानपत्रांत आले. तिथल्या प्रशासनाने सुमारे पासष्ट हजार जातीची प्रमाणपत्रे ‘पॉलिगॉन’ नावाच्या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा उपक्रम ‘लेजिटडॉक’ या कंपनीच्या मदतीने हाती घेतला. त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ साली, राज्याच्या कौशल्य विकास मंडळाने याच कंपनीकरवी आपली प्रमाणपत्रे ‘इथेरियम’ नावाच्या ब्लॉकचेनवर नोंदवायला सुरुवात केली होती. हेतू स्वच्छ होता. खोटी प्रमाणपत्रे छापणाऱ्यांना आळा बसावा, आणि ज्याच्या हाती कागद आहे त्याला तो खरा असल्याचे कुठूनही, कुणाच्याही दारात न ताटकळता दाखवता यावे. पॉलिगॉन तर आपल्याच माणसांचे. २०१७ साली भारतीय तरुणांनी ते ‘मॅटिक’ या नावाने उभे केले.

ब्लॉकचेन म्हणजे काय हे सांगायला मला पुस्तकी व्याख्येपेक्षा गावची वही बरी वाटते. समजा, गावची एक वही आहे, पण ती एकट्याच्या कपाटात नाही. हजारो घरांत तिची तंतोतंत प्रत आहे. नवे पान लिहिले की ते सगळ्या प्रतींत एकाच वेळी चढते. शिवाय प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागच्या पानाचा अंगठा उमटवलेला आहे. हा अंगठा गणिताचा असतो. त्याला ‘हॅश’ म्हणतात. लेख चार ओळींचा असो की चारशे पानांचा, त्याचा ठसा चौसष्ट अंकाक्षरांचाच निघतो, आणि लेखातली एक वेलांटी बदलली तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. मागचे एक पान कोणी गुपचूप बदलले की पुढच्या सगळ्या पानांवरचे अंगठे जुळेनासे होतात, आणि हजार घरांतल्या प्रती त्याला खोटे ठरवतात. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातून ही वही जन्मली, ती पैशाच्या हिशेबासाठी. पुढे २०१५ साली इथेरियम सुरू झाले आणि वहीत नुसत्या नोंदीच नव्हेत, तर नियमही लिहिता येऊ लागले. या नियमांना ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’ म्हणतात. हा शब्द निक साबो या गृहस्थांनी १९९० नंतरच्या दशकात वापरात आणला, आणि उदाहरण दिले ते नाणे टाकून वस्तू घेण्याच्या यंत्राचे. आपण रेल्वे फलाटावरचे वजनाचे यंत्र आठवावे. नाणे टाका, तिकीट पडेल. यंत्र तुमची जात विचारत नाही, ओळख विचारत नाही, उद्या या असे म्हणत नाही. करारनामाच स्वतःची अंमलबजावणी करतो.

‘उद्या या’ म्हणणार नाही असे यंत्र! जूनच्या पहिल्या आठवड्यात महा ई-सेवा केंद्रासमोर जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जो उभा राहिला आहे त्यालाच या वाक्यातली गोडी कळेल. मलाही भुरळ पडली, हे कबूल करते.

छत्रपती संभाजीनगरला संगणकशास्त्र शिकणारा माझा मावसभाऊ सुटीला आला होता. त्याला म्हटले, आपण एक छोटे करून पाहू. महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेची एकेचाळीस प्रमाणपत्रे होती. प्रत्येक प्रमाणपत्राचा ठसा साखळीवर चढवायचा, आणि एक साधे पान करायचे. त्यावर नाव, स्पर्धा आणि वर्ष लिहिले की ‘नोंद आहे’ किंवा ‘नोंद नाही’ असे उत्तर यावे. तो म्हणाला, "ताई, हे तर दोन दिवसांचं काम आहे."

करारनाम्यापुरते त्याचे बरोबर होते. ‘सॉलिडिटी’ या भाषेत जेमतेम साठ ओळी झाल्या. त्यात दोनच कामे: एक नोंदवण्याचे, जे फक्त मालकालाच करता येईल, दुसरे पडताळण्याचे, जे कुणालाही करता येईल. ‘हार्डहॅट’ नावाचे अवजार आहे. त्यात आपल्याच संगणकाच्या पोटात एक खोटी साखळी चालू करून करारनामा घासूनपुसून पाहता येतो. तिथे सगळे चालले. मग खऱ्यासारख्या सार्वजनिक साखळीवर जायचे. खऱ्या इथेरियमवर प्रत्येक नोंदीला पैसे मोजावे लागतात. शिकणाऱ्यांसाठी निराळ्या सरावाच्या साखळ्या असतात, तिथले नाणे फुकट मिळते आणि ते ज्या ठिकाणी मिळते त्याला धंद्यात ‘नळ’ म्हणतात. आमच्या नळासारखाच तोही दिवसातून थोडाच वेळ सुटतो! मावसभावाच्या जवळच्या धड्यात पॉलिगॉनची ‘मुंबई’ नावाची सरावाची साखळी वापरलेली होती. ती २०२४ साली कायमची बंद झाली. "मुंबई बंद झाली गं ताई," असे तो ओरडला तेव्हा आतून आई म्हणाली, "कशापायी? संप हाय का?" शेवटी ‘सेपोलिया’ नावाच्या साखळीवर आमचा करारनामा चढला. न पुसणाऱ्या वहीचा धडा पुसून गेलेला पाहणे हा पहिला धडा.

दर्शनी पानाला मात्र दोन दिवसांचे तीन आठवडे झाले, आणि ते काम माझ्याकडे होते. साखळीला आपण डोळ्यांनी पाहत नाही. आपण पाहतो ते पान. सामान्य माणसाच्या लेखी पान हीच साखळी. तयार नमुन्यावर सगळे इंग्रजीत होते: पाकीट जोडा, व्यवहारावर सही करा, शुल्क मान्य करा. मराठीत आणताना कळले की यातला एकही शब्द नुसता बदलून चालत नाही. ‘पाकीट जोडा’ म्हटल्यावर वडिलांनी खिशावर हात ठेवला. नुसते पडताळायचे असेल तर पाकीट लागतच नाही, वहीचे पान उघडून वाचायला पैसे पडत नाहीत. मग ती पाटी दारातच कशाला लावावी? काढली. ‘नोंद नाही’ या दोन शब्दांवर तर आम्ही दोघे एक अख्खी संध्याकाळ भांडलो. तो म्हणे, यंत्राला जे सापडले नाही ते नाही. मी म्हणे, ‘तुमची नोंद नाही’ आणि ‘आम्हाला सापडली नाही’ यांत माणसाच्या आयुष्याचे अंतर आहे.

माझे म्हणणे सिद्ध व्हायला दोन दिवस लागले. स्पर्धेत दुसरी आलेली एक मुलगी घरी आली होती. तिने मोठ्या उत्साहाने आपले नाव लिहिले. उत्तर आले, नोंद नाही. पुन्हा लिहिले. नोंद नाही. तिच्या हातात प्रमाणपत्र होते, आमच्या यादीत तिचे नाव होते, पडद्यावरचे नाव आणि यादीतले नाव अक्षरन् अक्षर सारखे दिसत होते. तिसऱ्यांदा ती हसली नाही.

तिच्या आडनावात ‘ऱ्ह’ होता. ‘बोऱ्हाडे’, ‘कऱ्हाळे’, ‘गोऱ्हे’ यांत असतो तो, कोयत्यासारख्या र चा. मराठीत हे चिन्ह संगणकावर तीन तऱ्हांनी उमटते (आणि गंमत म्हणजे ‘तऱ्हा’ या शब्दातही तेच आहे). एकात टिंबाचा ऱ हे तयार अक्षर घेतात. दुसऱ्यात साधा र घेऊन त्याला खाली टिंब जोडतात. तिसऱ्यात साध्या र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह ठेवतात. डोळ्याला तिन्ही एकच. यंत्राला मात्र ती तीन वेगळी लेखने, आणि म्हणून तीन वेगळे ठसे! यादी ज्या टंकाने लिहिली होती तो एक, मुलीच्या मोबाइलचा दुसरा. पहिल्या दोन तऱ्हा एकच मानाव्यात अशी जगन्मान्य तयार सोय आहे, ती आम्ही वापरली नव्हती. तिसरी त्या सोयीतही बसत नाही. तिच्यासाठी नियम हाताने लिहावा लागला. मावसभाऊ रात्रभर करारनाम्यात दोष शोधत होता. दोष सापडला तो आमच्या मराठीच्या सरांना कागदावर ‘ऱ्ह’ काढून दाखवत असताना.

इथे विज्ञानवाल्यांना कमी लेखण्याचा हेतू नाही. पण ज्याने वर्णमाला मन लावून शिकली आहे, ज्याला हस्तलिखिताच्या दोन प्रतींतला पाठभेद म्हणजे काय हे माहीत आहे, त्याचे या कामात स्थान आहे, आणि ते पान रंगवण्यापुरते नाही.

दोष कळला, पण आता दुरुस्ती कशी? करारनामा एकदा साखळीवर चढला की त्यात कानामात्रा फिरवता येत नाही, तोच त्याचा गुण. रद्द करण्याचे कलम आम्ही लिहिलेच नव्हते. शेवटी दुसरा करारनामा चढवला, त्यात ‘रद्द करणे’ आणि ‘आधीच्या नोंदीऐवजी’ अशी दोन कलमे घातली, एकेचाळीसही नोंदी पुन्हा केल्या, आणि पानाला नव्या करारनाम्याचा पत्ता दिला. जुना तिथेच आहे. त्यात त्या मुलीच्या नावाचा जुना ठसा आहे आणि तो आम्हाला काढता येणार नाही. पुढे बदलता येईल असा करारनामाही लिहिता येतो म्हणा. त्यात एक दर्शक ठेवतात आणि तो दर्शक नव्याकडे वळवतात. पण मग दर्शक वळवण्याचा अधिकार ज्याच्याकडे, सारी वही त्याचीच झाली. पुन्हा कपाट आणि किल्ली!

किल्लीची गोष्ट सांगायलाच हवी. मालक म्हणजे ज्याच्याकडे गुप्त किल्ली आहे तो, आणि ती हरवलीच तर परत मिळवण्यासाठी ‘मेटामास्क’ हे पाकीट सुरुवातीला बारा इंग्रजी शब्द देते. ते मी अर्थशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिले होते. ती वही मैत्रिणीने परीक्षेला मागून नेली. चार दिवस माझ्या जिवात जीव नव्हता. आमचे तर एकेचाळीस स्पर्धक. पण एखाद्या कार्यालयात हजारो दाखल्यांची किल्ली एका कारकुनाकडे असेल आणि त्याची बदली झाली तर? दफ्तराचा चार्ज देताघेताना यादीवर दोन्ही सह्या होतात. बारा शब्दांचा चार्ज कसा देणार, जेव्हा देणाऱ्याला ते पाठ असू शकतात? ग्रामपंचायतीच्या निधीचा धनादेश सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या सह्यांनी निघतो. करारनाम्यातही अशी दोघा-तिघांच्या सहीची अट घालता येते, आणि माझ्या मते सरकारी कामात ती ऐच्छिक असू नये.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे येते. आपले जुने महसुली दफ्तर ज्यांनी रचले त्यांना हे सारे प्रश्न ठाऊक होते. जमीन विकली किंवा वारसाने आली की तलाठी फेरफार लिहितो. पण लिहिल्याबरोबर ते पक्के होत नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, हरकत आली तर ती वेगळ्या तक्रार नोंदवहीत चढते, तिचा निकाल होतो, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. सातबाऱ्यावर जुन्या मालकाचे नाव खोडरबराने पुसत नाहीत. त्याला कंस करतात आणि फेरफाराचा क्रमांक लिहितात. आजोबांचे कंसातले नाव वाचता येते. ही वहीसुद्धा पुसत नव्हती! आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे दोन कलम मला या विषयात कोणत्याही तांत्रिक पुस्तकापेक्षा मोलाचे वाटतात. कलम १५५ मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची सोय आहे. कलम १५७ म्हणते की नोंद खरी मानावी. मात्र ती खोटी असल्याचे सिद्ध होईपर्यंत, किंवा तिच्या जागी कायदेशीरपणे नवी येईपर्यंत. एवढ्याशा ‘पर्यंत’मध्ये केवढी सावधगिरी आहे! नोंद म्हणजे सत्य नव्हे, सत्याबद्दलचे अनुमान आहे, हे कायद्याने लिहून ठेवले. हे दफ्तर प्रत्यक्षात कसे चालते, पंधरा दिवसांचे पंधरा महिने कसे होतात, हे मी नव्याने सांगायला नको. पण रचना करणाऱ्याची नजर मात्र दाद देण्यासारखी आहे.

आमच्या पहिल्या करारनाम्यात नोटीस नव्हती, हरकत नव्हती, कंस नव्हता. जे लिहिले ते लिहिले.

आता एकेचाळीस स्पर्धकांच्या जागी जातीची प्रमाणपत्रे ठेवा. वडीगोद्रीच्या वाचकाला हे कल्पनेने करावे लागत नाही. २०२३ च्या सप्टेंबरपासून शेजारच्या अंतरवाली सराटीचे नाव देशभर गेले. २०२४ च्या जूनमध्ये लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांचे उपोषण आमच्या वडीगोद्रीतच झाले. दोन मंडपांतल्या मागण्या परस्परविरोधी होत्या आणि दोन्ही मंडपांत माझे वर्गमित्र बसले होते. कोणाचे बरोबर हे ठरवण्याची ही जागा नव्हे, माझी योग्यताही नव्हे. मला फक्त एवढे सांगायचे आहे की दोन्हीकडे तोंडी शब्द एकच होते: नोंद, दाखला, पडताळणी, गॅझेट. शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामाच्या काळातली उर्दू आणि मोडीतली दफ्तरे बाहेर निघाली. ती वाचणारी माणसे शोधावी लागली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटविषयीचा शासन निर्णय निघाला. शंभर वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने बोरूने काय लिहिले, यावर आजच्या मुलाच्या प्रवेशाचा वाद होतो आहे. आणि तो कारकून आमच्या वडिलांच्या गुरुजींसारखा घाईत नव्हता, हे कोण सांगणार?

अशा वेळी "सगळे ब्लॉकचेनवर टाका, वाद मिटेल" असे म्हणणारे भेटतात. आमच्याच कट्ट्यावर दोघे आहेत. त्यांना मी विचारते की नेमके काय मिटेल? साखळी एवढेच सांगेल की उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून हा कागद या दिवशी निघाला आणि तेव्हापासून त्यात फेरफार झालेला नाही. हे कमी नाही. छापखान्यातल्या बनावट दाखल्यांनी खऱ्या गरजूंच्या जागा खाल्ल्या जातात, आणि तेवढ्यापुरती एटापल्लीची वाट मला योग्य वाटते. कायद्यानेही आता या गणिती अंगठ्याची दखल घेतली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात संगणकीय पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचे त्याच्या नमुन्यात हॅशचा रकाना आहे. पण कागद खरा असणे आणि कागदातले खरे असणे या दोन गोष्टी आहेत. म्हणून तर आपल्याकडे २००० सालच्या कायद्याने दाखला देणारा अधिकारी वेगळा आणि तो तपासणारी पडताळणी समिती वेगळी ठेवली. समितीने प्रमाणपत्र रद्द केले तर साखळीवर काय दिसावे? रद्द करण्याचे कलम नसेल तर रद्द झालेला दाखला जगभर ‘नोंद आहे’ म्हणून हिरवा दिसत राहील.

आणखी एक खोच आहे. साखळीवर नाव-जात लिहीत नाहीत, नुसता ठसा ठेवतात, त्यामुळे गुप्तता राहते असे सांगतात. पण समजा ठसा नाव, गाव आणि जात एवढ्यावरूनच काढला आहे. कुणाही उपद्व्यापी माणसाने माझे नाव घेतले, गाव घेतले, आणि जातींची यादी एकेक लावून ठसे काढून पाहिले, तर कुठल्यातरी जातीशी ठसा जुळेल. यादी काही शेकड्यांची. यंत्राला ते क्षणाचे काम. उपाय आहे. ठसा काढण्यापूर्वी त्यात एक गुप्त यदृच्छ आकडा मिसळायचा. धंद्यातला शब्दही ‘मीठ’ असाच आहे. आमच्या पहिल्या खेपेला आम्ही मीठ विसरलो होतो. वक्तृत्व स्पर्धेत बिघडले नाही.

शिवाय ते दर्शनी पान. दाखल्यावर चौकोनी ठिपक्यांचे चिन्ह असते, मोबाइल धरला की पान उघडते आणि हिरवी खूण येते. बनावट दाखला छापणारा आपले वेगळे चिन्ह छापील आणि आपलेच वेगळे पान उघडून दाखवील. हिरवा रंग त्याच्याकडेही आहे. हजार घरांतल्या प्रती तिथे काही करू शकत नाहीत, कारण त्यांना कुणी विचारलेच नाही. म्हणून पानाचा पत्ता शासनाचा असावा, तो दाखल्यावर मराठीत छापावा आणि शाळा-महाविद्यालयांच्या फलकावर लागावा, ही मागणी मला करारनाम्याच्या साठ ओळींपेक्षा निकडीची वाटते.

"पण न पुसणे हेच तर त्याचे ब्रीद," असे मावसभाऊ म्हणतो. त्याला मी त्याच्याच शास्त्रातला इतिहास ऐकवते. २०१६ साली इथेरियमवर ‘द डाओ’ नावाचा एक सामायिक निधी उभा राहिला. त्याच्या करारनाम्यात एक फट राहिली होती. पैसे देऊन झाल्यावर खात्यातून वजा करायचे, असा क्रम लिहिला गेला होता. वजा होण्यापूर्वीच पुन्हा मागितले तर पुन्हा मिळत. जूनमध्ये कुणीतरी त्या फटीतून सुमारे छत्तीस लाख ईथर काढून नेले. करारनाम्याच्या अक्षरानुसार त्यात चूक नव्हती! मग महिनाभर जगभरचे जाणकार भांडले, आणि २० जुलै २०१६ रोजी बहुसंख्यांनी साखळीचा ओघ वळवून ते पैसे परत आणले. ज्यांना हे पटले नाही ते जुन्या साखळीवरच राहिले. ती ‘इथेरियम क्लासिक’ नावाने निराळी झाली. तेव्हा वही न पुसण्यामागेही माणसांचीच संमती असते, आणि प्रसंग पडला की ती माणसे एकत्र बसून ठरवतात. छत्तीस लाख ईथरसाठी जग बसले. माझ्या काकांच्या चार महिन्यांसाठी कोण बसेल? म्हणून ती बैठक करारनाम्यातच लिहिलेली असावी: अर्ज कुणाकडे, हरकत किती दिवसांत, निर्णय किती सह्यांनी, आणि जुनी नोंद कंसात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानेही आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क मानला आहे. तो हक्क साठ ओळींत कुठे बसतो, हे आधी विचारावे आणि मग सुरुवात करावी. असा प्रकल्प आपल्या जिल्ह्यात कधी येईल तेव्हा त्याच्या टेबलाशी संगणकवाल्याबरोबर एक मोडी वाचणारा, एक कायदा वाचणारा आणि एक ‘ऱ्ह’ ओळखणारा बसवावा, अशी माझी प्राध्यापक मंडळींना विनंती आहे. आपल्या महाविद्यालयाने वाङ्मय मंडळाची पुढची प्रमाणपत्रे याच रीतीने नोंदवून पाहिली तर सराव होईल. नाव चुकण्याची भीती आहे. ते चुकलेले पाहायलाच तर करायचे.

सुटी संपायच्या आदल्या रात्री दुसरा करारनामा तपासायला आम्हाला एक नवी नोंद हवी होती. वडील जेवून ओसरीवर बसले होते. मावसभावाने संगणक त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "काका, तुमचंच नाव टाका. हे कायम राहणार बघा." वडिलांनी चष्मा लावला, एका बोटाने नाव लिहिले, गाव लिहिले, आणि जन्मतारखेच्या चौकटीपाशी थांबले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "इथं कोणती टाकू गं? शाळेतली का तुझ्या आजीची?"

पानावर एकच चौकट होती. दुसरी करायला, आणि तिच्याशेजारी ‘कोणाच्या सांगण्यावरून’ असा रकाना जोडायला आम्हाला पहाटेचे तीन वाजले. आजीचे नाव त्या रकान्यात आले आहे.